ज्याचा त्याचा अंदाज

एकाच डोंगरासाठी, एकाच सकाळी, आम्हा नवरा-बायकोच्या फोनवर दोन वेगळे आकडे होते. मगदुमांच्या फोनवर दोन आणि माझ्या फोनवर पाच. त्यांनी त्यांचा मला वाचून दाखवला आणि माझा मी उघडला नाही. आता जो येतो तो विचारतो, तुम्ही बघितलं कसं नाही हो? ज्या घरात लग्न झाल्यापासून हवामान बघायचं काम नवऱ्याचं, त्या घरात बायको ते परत कशाला बघेल? एकाने आमटीत मीठ घातलं की दुसरा पुन्हा घालतो का?

मगदूम म्हणजे माझे यजमान, भरतेश मगदूम. सांगलीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस देवमाणूस, पण जन्माचा भित्रा. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायची, त्यामुळे आता म्हणायलाही मला काही वाटत नाही. रिक्षात बसले तरी दांडा घट्ट धरायचे. मी शाळेत पीटी शिकवते, पोरींना मल्लखांबावर चढवते, आणि घरी हा गृहस्थ माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढला की मला खालून स्टूल धरायला लावायचा. वरून सारखं विचारणं चालू, "माला, आहेस ना?"

"आहे हो. सोडून कुठं जातेय?" मी म्हणायची.

हवामानाच्या बाबतीत मात्र त्यांची भीती एकदा खरी ठरली होती. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी कृष्णेला मोठा पूर आला. येणार असा अंदाज होता, पण अंदाज काय, रोजच असतात. मगदुमांनी मात्र दुकानातली एकूण एक फ्रेम वरच्या मजल्यावर हलवली. अख्खी पेठ हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग पाणी दुकानाच्या पाटीला लागलं आणि हसणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. तेव्हापासून हवामानाचा आकडा म्हणजे त्यांना देवाचा कौल झाला. सकाळी चहाच्या आधी आकडा. छत्री घ्यायची की नाही, कपडे गच्चीत वाळत घालायचे की आत, सगळं ते बघणार आणि आम्हाला सांगणार. मी त्यात कधी लक्ष घातलं नाही. माझं गणित सोपं होतं, सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर पाऊस येत नाही, आणि आला तर भिजायचं.

मला वेड बर्फाचं. कॉलेजात असताना हिमाचलात स्कीइंगचा कोर्स केला, तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर जायचेच. मगदूम कधी आले नाहीत. मी परत आले की फोटो बघायचे, मोठे करून करून बघायचे, आणि म्हणायचे, "छान आहे. इथूनच छान आहे." मला मनापासून वाटायचं की एकदा, फक्त एकदा या माणसानं डोंगरमाथ्यावर माझ्या शेजारी उभं राहावं. मुलगी मोठी होऊन परदेशी गेली, आमचे गुडघे कुरकुरायला लागले, तरी ते मनातून जाईना.

आणि मग उमज आलं.

उमज काय आहे हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण ते आतून काय करतं हे मला फार महाग पडून कळलं, म्हणून सांगते. रोजच्या ऊन-पावसाचं तर ते सांगतंच, शिवाय डोंगरांवर तांदळाच्या दाण्याएवढी यंत्रं विमानातून पेरलेली असतात. बर्फ पडत जातो तशी ती थराथरात अडकतात आणि कुठला थर किती थंड, कुठला सैल, कुठं ताण पडतोय ते कळवत राहतात. त्यावरून कुठला उतार कधी घसरेल याचा अंदाज निघतो आणि तो एक ते पाच अशा आकड्यात सांगतात. एक म्हणजे बिनधास्त, पाच म्हणजे घराबाहेर पडू नका. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

गोम पुढे आहे. उमज बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की अंदाज कितीही अचूक असला तरी ऐकणारे कान सारखे नसतात. सत्तर टक्के म्हटलं की एक जण दारं-खिडक्या लावून बसतो आणि दुसरी माझ्यासारखी भिजायला जाते. मग त्यांनी गाडी उलटी फिरवली. खरा आकडा काय, हे एकदा मनात ठरवायचं. त्या आकड्याला शहाण्या माणसानं कसं वागावं, हे ठरवायचं. आणि समोरचा माणूस तसा वागावा म्हणून त्याला कुठला आकडा सांगावा लागेल, तो सांगायचा. भित्र्याला कमी, दांडगटाला जास्त. डॉक्टर वजन बघून गोळी देतो तसं. वर्षानुवर्षं ते बघतच असतं ना, तुम्ही छत्री घेतली की नाही, तुम्ही गाडी कुठं वळवली. यात लपवालपवी नव्हती बरं का. जाहिरातीतच होतं, 'फक्त तुमच्यासाठीचा अंदाज.' आम्हाला वाटलं, फक्त आमच्या गल्लीसाठीचा.

आणि खरं सांगायचं तर अपघात कमी झाले. अर्ध्यावर आले म्हणतात. म्हणून तर सगळीकडे तेच आहे.

मगदुमांना उमजनं हळूहळू घराबाहेर काढलं. आधी पावसात आंबोली, मग भर ऑगस्टात कोकण. मला वाटायचं, वय वाढलं तसं धाडस वाढलं. मनातल्या मनात मी श्रेयसुद्धा घेतलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी भडंग परतत होते, तेव्हा ते बाहेरून म्हणाले, "माला, जानेवारीचा शेवटचा आठवडा पक्का."

"कशाचा?"

"बर्फाचा. मीपण येतोय."

मी गॅस बंद करून बाहेर आले. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांनी रंगीबेरंगी रेघांचं जाळं मांडलं होतं.

"हे बघ," ते म्हणाले, "कॉम्प्युटर एकच गणित पन्नास वेळा करतो. दरवेळी सुरुवातीची हवा किंचित इकडेतिकडे करतो, कारण आजची हवा तरी आपल्याला नेमकी कुठं माहीत असते? पन्नास उत्तरं जवळजवळ आली तर अंदाज पक्का. पांगली तर समजायचं, त्यालाही माहीत नाही. पूर्वी दहा दिवसांपलीकडं सगळी पांगायची. आता दोन महिने एकत्र चालतात. पश्चिमेकडून एक मोठा चक्रावात येतोय, तो शेवटच्या आठवड्यात हिमाचलावर रिकामा होणार."

"मग भरपूर बर्फ."

"नुसतं भरपूर बघून चालत नाही. शून्य अंशाची रेषा कुठं आहे ते बघायचं. रेषेच्या वर बर्फ, खाली पाऊस. लोक नुसते सेंटिमीटर बघून तिकिटं काढतात आणि चिखलात उभं राहून फोटो काढून येतात. आपण जिथं राहणार ते गाव रेषेच्या वर आहे. मी तीन गावं खोडली."

"अहो, तुम्ही चष्मे विका, वेधशाळा चालवू नका," मी म्हटलं. पण माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी परत आत गेले.

गावाचं नाव काठगी. देवदाराची झाडं, लाकडी हॉटेलं आणि डोंगरावर जाणारी एक खुर्च्यांची लिफ्ट. पूर्वी लिफ्टपाशी एक मोठा काळा फळा असायचा. त्यावर रोज सकाळी खडूनं एकच आकडा लिहायचे. येणारे सगळे तोच वाचायचे, त्यावरून भांडायचे, कोण म्हणायचं जास्त लिहिलाय, कोण म्हणायचं कमी. यंदा फळा नव्हता. खांब तेवढे उभे होते.

"काढला," आमची स्कीइंगची शिक्षिका दोलमा म्हणाली. लाहौलकडची मुलगी, हिंदी बोलायची. "आता ज्याचा त्याचा फोन. फळ्यावर आम्ही एक आकडा लिहायचा आणि लोकांच्या फोनवर वेगळाच, मग वाद व्हायचे."

"पण खरा कुठला?" मगदुमांनी विचारलं.

"सर, मी माझ्या फोनवरचा बघते," ती म्हणाली. तिनंही त्यापुढं कधी विचार केला नसावा.

दोलमानं पहिल्या दिवशी आम्हाला पाठीवरच्या पिशवीत घालायचं घडीचं फावडं आणि कंबरेला बांधायचा बीकन दिला. कोणी बर्फाखाली गेलं तर दुसऱ्याचं यंत्र त्याचा आवाज पकडतं. मग तिनं फावड्यानं एक खड्डा खणून थर दाखवले. सगळ्यात तळाशी नोव्हेंबरचा जुना बर्फ होता. थोडासाच पडलेला, वर निरभ्र थंडी, त्यामुळे त्याचे दाणे होऊन बसले होते. तिनं ते मगदुमांच्या हातावर घातले, तर ते साखरेसारखे बोटांतून गळाले. "याच्यावर नवा बर्फ बसतो," ती म्हणाली. "वारा त्याला दाबून लादी करतो. खाली साखर, वर लादी. एका माणसाच्या वजनानंसुद्धा लादी तुटते. आणि सगळ्यात वाईट दिवस म्हणजे वादळानंतरचा पहिला ऊन पडलेला दिवस. सगळ्यांना जायचं असतं आणि लादी ताजी असते."

मगदूम पोरांसारखे मान डोलवत होते. मी ऐकलं, पण मी हे कॉलेजात ऐकलेलं होतं.

माझ्या फोनचं काय सांगू. पहिल्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी चार. दोलमा मगदुमांना स्कीवर उभं राहायला शिकवायची त्या साध्या बाळबोध उतारासाठीसुद्धा लाल, आणि दर अर्ध्या तासानं टुंग. मी तो बंदच करून टाकला. "रोज मरे त्याला कोण रडे," मी म्हटलं. मगदूम हसले आणि म्हणाले, "असू दे, मी बघतोय ना." लिफ्टच्या फाटकालाही एवढंच लागायचं. आमचा पास जोडीचा होता. दोघांतल्या एकानं 'वाचलं' दाबलं की फाटक दोघांना उघडायचं.

मग बर्फ पडायला लागला. मगदुमांच्या पन्नास रेघा म्हणत होत्या तसाच. खिडकीबाहेर काही दिसेना. आम्ही हॉटेलच्या खोलीत रजई ओढून भडंग खात बसलो. ते अंदाज वाचून दाखवायचे आणि मी पत्त्यांत त्यांना हरवायचे. इतका निवांत वेळ आम्हाला लग्नानंतर मिळाला नव्हता. त्यांनी मला विचारलं, "माला, मी खरंच फार भित्रा आहे का गं?" मी म्हटलं, "आहात. पण आलात ना." ते खूश झाले. ते खूश झाले की चष्मा काढून पुसायचे, तसा त्यांनी पुसला.

मग एका सकाळी ऊन पडलं. आभाळ धुऊन काढलेलं. मी उठले तोवर मगदूम बूट घालून तयार.

"किती?" मी विचारलं.

"दोन."

"नीट बघा. वादळानंतरचा पहिला दिवस आहे."

"नीटच बघितलं. दोन. चल."

चल. तीस वर्षांत या माणसानं मला कधी 'चल' म्हटलं नव्हतं. नेहमी 'थांब', 'बघू', 'कशाला'. मला इतका आनंद झाला की मी फोनला हातसुद्धा लावला नाही. फाटकाशी त्यांनी 'वाचलं' दाबलं आणि आम्ही एका खुर्चीत शेजारी शेजारी बसून वर गेलो. त्यांनी दांडा धरला होता, पण एकाच हातानं.

वर दोन वाटा होत्या. डावीकडं गुरांच्या कुरणातून जाणारा पसरट उतार आणि उजवीकडं रूपीचा उतार, उभा, रुंद, त्यावर एकही रेघ उमटलेली नाही. मगदूम सवयीनं डावीकडं वळले. त्यांच्या आकड्यानं त्यांना तिकडंच जायला सांगितलं असणार. भित्र्या माणसाला दोन म्हटलं की तो डावीकडं जातो, आणि तिथं दोनच काय, एक म्हणायलाही हरकत नव्हती.

"अहो, इकडं," मी म्हटलं.

"माला, ते उभं आहे."

"दोन म्हणजे दोन. की डोंगर माणूस बघून आकडा बदलतो?"

त्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं.

मी आधी गेले. एका दमात खाली उतरून कडेच्या खडकापाशी थांबले आणि हात केला. ते निघाले. सावकाश, काठ्या पसरून, माझ्या रेघेशेजारी आपली रेघ काढत. मध्यावर आले आणि त्यांनी एक काठी उचलून मला दाखवली. हसत होते. मग धान्याचं पोतं टाकावं तसा ढप्प आवाज झाला. त्यांच्या वरच्या बाजूला बर्फाला आडवी चीर गेली आणि सगळा उतार, त्यांच्यासकट, खाली यायला लागला.

सगळं थांबलं तेव्हा इतकी शांतता होती की माझ्या कंबरेचा बीकन वाजायला लागला तो मला ओरडल्यासारखा वाटला. त्यांचा आवाज पकडला होता त्यानं. मी स्की काढून फेकल्या आणि वाकडीतिकडी धावत, पडत, जिथं आवाज सगळ्यात मोठा तिथं पोचले आणि फावडं काढलं. तो बर्फ सिमेंटसारखा बसलेला. मी खणायला लागले. मल्लखांबावर पोरी चढवणारे हात माझे, मी खणत होते.

तेव्हा फोन वाजला. बंद केलेला फोन जिवाच्या प्रसंगी आपोआप चालू होतो. मी तो नुसता बाजूला टाकायला काढला आणि पडद्यावर आधी सकाळचा न वाचलेला निरोप आला. लाल. 'पाच. आज वर जाऊ नका. रूपीच्या उताराला पाऊलही लावू नका.' त्याच्याखाली आत्ताचा. 'वरचा अर्धा भाग अजून लटकलेला आहे. गाडलेली व्यक्ती जिवंत मिळण्याची शक्यता तीन टक्के. ताबडतोब उतार सोडा.'

मी वर बघितलं. चिरेच्या वर खरोखरच एक मोठी लादी तशीच टांगलेली होती.

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथं आहे. मी कधी कुठल्या आकड्याचं ऐकणारी बाई नव्हे. तीनच काय, शून्य म्हटलं असतं तरी मी खणत राहिले असते. पण त्याच पडद्यावर, दोन बोटं वर, सकाळचा पाच होता. तो मी वाचला नव्हता आणि तो खरा निघाला होता. मला वाटलं, हे खरं बोलतं. जन्मभर मी ऐकलं नाही आणि माझा माणूस खाली गेला. आता तरी ऐक, विजयमाला. मुलीला एक तरी राहू दे.

मी फावडं तिथंच रोवलं, खूण म्हणून, आणि उतार सोडला.

लिफ्टच्या खोपीत दोलमानं माझ्या अंगावर घोंगडी टाकली. तिची माणसं वर जायला तयार होती, पण लटकलेली लादी आधी स्फोट करून पाडायची की नाही यावर त्यांचं एकमत होईना. चौघांच्या फोनवर चार आकडे होते. अखेर लादी न पाडताच ते गेले. मगदूम दीड मीटर खाली सापडले. माझ्या फावड्यानं त्यातलं निम्म्याहून जास्त खणून झालं होतं.

ती वरची लादी तशीच राहिली आणि उन्हाळ्यात वितळून गेली.

त्यांना सांगलीला आणलं, सगळं केलं. मुलगी येऊन राहून गेली. दुकान बंद आहे. भेटायला येणारे म्हणतात, त्यांचं आयुष्य तेवढंच. मी चहा टाकते.

मार्चमध्ये उमजकडून एक मुलगा आला. ओजस देवधर, पुण्याचा, माझ्या मुलीएवढा. काकू काकू करत सोफ्याच्या टोकावर बसला. मी कंपनीला एकच विचारलं होतं की त्या सकाळचा खरा आकडा काय होता.

"तीन, काकू," तो म्हणाला.

"म्हणजे मधला."

"मधला. बहुतेक अपघात तीनलाच होतात. पाचला कोणी बाहेर पडतच नाही. तीन हा सगळ्यात अवघड आकडा आहे, कारण तो ज्याला जसा हवा तसा ऐकू येतो. म्हणून तर आम्ही…" तो थांबला. "काकांना तीन सांगितलं असतं तर ते खोलीतच बसले असते. दोन सांगितल्यावर ते सोप्या उतारावर गेले असते, आणि तो खरंच सुरक्षित होता. तुम्हाला तीन सांगितलं असतं तर तुम्ही रूपीवर गेला असता. म्हणून पाच. दोन्ही बरोबर होते."

"दोन्ही बरोबर होते आणि माणूस मेला."

"एकानं दुसऱ्याचा आकडा वापरला. ते आम्ही धरलं नव्हतं."

"बाळा, त्याला संसार म्हणतात," मी म्हटलं.

प्रत्येक उत्तराआधी तो किंचित थांबतोय हे माझ्या ध्यानात यायला लागलं होतं. त्याच्या कानात मुगाएवढं काहीतरी होतं.

"ते काय सांगतंय तुला? माझ्याशी कसं बोलायचं ते?"

तो लाल झाला. "सवय झालीय, काकू. मीटिंगला सगळेच लावतात."

"काढ."

त्यानं काढलं आणि हातात धरून बसला. मग त्याला बोलायलाच सुचेना. मला त्याची थोडी दया आली, पण फार नाही.

"मी उतार सोडला तेव्हा मला तीन टक्के म्हणालं," मी म्हटलं. "तो खरा होता?"

"नाही."

"किती होता?"

"छत्तीस. तेव्हा, त्या क्षणाला. पुढं भराभर कमी होत गेला." तो घाईघाईनं म्हणाला, "पण वरची लादी पडण्याची शक्यता मोठी होती. छत्तीस ऐकून तुम्ही थांबणार हे ठरलेलं होतं. तुम्ही थांबला असता तर कदाचित दोघंही…"

"ती पडली नाही."

"नाही पडली."

"आणि हा छत्तीस? हा खरा की माझ्यासाठीचा?"

त्यानं हातातल्या त्या मुगाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "मला जो दाखवला तो मी सांगतोय," तो म्हणाला. दोलमाचंच वाक्य. खालपासून वरपर्यंत सगळे आपापल्या फोनवरचा बघतात आणि खरा आकडा बघितलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

जाताना तो दाराशी घुटमळला. म्हणाला, "काकांच्या हेल्मेटमध्ये उमजचा आवाज होता. बोलणं साठवलं जातं. कुटुंबाचा हक्क आहे त्यावर. पण आमचा सल्ला आहे की ऐकू नये."

"तुमचा सल्ला पुरे झाला," मी म्हटलं. "लाव."

तो परत बसला आणि त्यानं लावलं.

आधी नुसता श्वास होता. जोरजोरात, स्टुलावर चढताना घेतात तसा. मग उमजचा बाईचा आवाज, गोड, आपल्या सांगलीकडच्या वळणाचा. त्यांच्यासाठी निवडलेला असणार. "भरतेशजी, घाबरू नका. तुमच्या तोंडापुढं हवा आहे. मदत पोचतेय. वाचण्याची शक्यता नव्वद टक्के आहे. सावकाश श्वास घ्या."

"नव्वद," मगदूम म्हणाले. श्वास खरंच सावकाश झाला. आकडा म्हणजे कौल.

ओजस हळूच म्हणाला, "घाबरलं की हवा लवकर संपते, काकू. म्हणून तसं सांगतात."

मी त्याला हातानं गप्प केलं. वरून फावड्याचा आवाज येत होता. खरोखर, माझ्या फावड्याचा. खस, खस. मग तो थांबला. बराच वेळ नुसता श्वास.

मग मगदूम म्हणाले, "माला आहे ना वर?"

"आहेत," ती बाई म्हणाली. "वरच आहेत. खणतायत."

"मग ठीक आहे," मगदूम म्हणाले. "ती सोडून कुठं जायची नाही."

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. पण त्यांचा श्वास पुढं कितीतरी वेळ ऐकू येतो, शांत, झोपलेल्या माणसासारखा. मी तो पूर्ण ऐकला. तेवढा वेळ मी खाली खोपीत घोंगडी पांघरून बसले होते आणि दोलमानं दिलेला चहा प्याले होते.